दुकानांच्या पाट्या : एक उपेक्षित साधन

इतिहासाचें साधन म्हटलें म्हणजे ताम्रपट, शिलालेख, सनद, बखर, शकावली, पत्र, नाणें इतकीं नांवें संशोधकाच्या जिभेवर तत्काळ येतात. दुकानावरची पाटी हें नांव त्या मालिकेंत येत नाहीं. पाटी रोज डोळ्यांपुढें असते. तिच्यावरील मजकूर चार शब्दांचा असतो. आणि ती लिहिणारा मनुष्य शास्त्री किंवा चिटणीस नसून ‘पेंटर’ ह्या एका शब्दानें ओळखला जाणारा कारागीर असतो. तथापि सातारा व सांगली ह्या दोन शहरांच्या पेठांतून जुन्या पाट्या पाहत हिंडल्यावर आमचें असें मत झालें आहे कीं, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ह्या प्रांताचा बाजार कसा पालटला हें सांगणारें इतकें बोलकें साधन दुसरें क्वचितच सांपडेल. आणि तें आपल्या डोळ्यांदेखत नाहींसें होत आहे. पाटी कोणासाठीं लिहिली जाई, ती कशी घडे, तिच्यावरील अक्षर कोणत्या वळणाचें असे, आणि तारीख नसलेल्या पाटीचा काळ कसा ठरवावा, ह्या गोष्टींचें विवेचन ह्या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

१

जुन्या पेठेस पाटीची गरज नव्हती. सोनार कोठें बसतात, तांबट कोठें ठोकतात, कापड कोणत्या गल्लींत मिळतें, हें गांवांतील प्रत्येकास ठाऊक असे. दुकानदाराचें घराणें व त्याची पत लोक तोंडोंतोंडीं जाणत. दारांत टांगलेला माल हीच दुकानाची खूण. व्यापाऱ्याचें लिखाण काय तें आंत, वहींत. आणि तें मोडींत.

मोडी ही हाताची लिपि होय. प्रथम कागदावर आडवी रेघ ओढावी, तिच्याखालीं लेखणी शक्य तों न उचलतां अक्षरें लिहीत जावें, शब्द तोडूं नयेत, अशी तिची रीति. वेगानें लिहिण्यास ती उत्तम. परंतु वाचणारास लिहिणाराचें वळण व विषय दोन्ही थोडे तरी परिचित असावे लागतात. ज्यांनीं दप्तरें चाळलीं आहेत त्यांस हें निराळें सांगावयास नको. रस्त्यानें जाणारा मनुष्य वीस हातांवरून, चालतां चालतां, मोडी वाचूं शकत नाहीं. बाळबोध अक्षर मात्र सुटें, उभ्या काण्याचें आणि शब्द तोडून लिहिलेलें. शिवाय छापील क्रमिक पुस्तकांमुळें शाळेंत गेलेल्या प्रत्येक मुलाच्या डोळ्यांस तें परिचित झालेलें. म्हणून वही मोडींत व पाटी बाळबोधींत, असा दुहेरी व्यवहार एकाच दुकानांत दिसूं लागला. वही ओळखीच्या माणसासाठीं, पाटी अनोळखी माणसासाठीं. पाट्यांच्या अभ्यासाचें सारें सार आमच्या मतें ह्या एका वाक्यांत आहे.

हा अनोळखी मनुष्य आला कोठून? तो मुख्यतः आगगाडीनें आला. पुण्याहून मिरजेवरून लोंढ्याकडे जाणारा लोहमार्ग सन १८९० पर्यंत पुरा झाला. सातारा शहर त्या मार्गावर नाहीं. त्याचें स्थानक ‘सातारा रोड’ ह्या नांवानें कांहीं कोसांवर वसलें. सांगली मिरजेपासून फांटा काढून सन १९०७ मध्यें गाडीशीं जोडली गेली. गाडीबरोबर परगांवचा माल आला, परगांवचा गिऱ्हाईक आला, वकिलाकडे येणारा पक्षकार व शाळेसाठीं येणारा विद्यार्थी आला. त्यास पेठेची माहिती तोंडीं देणारें कोणी नव्हतें. तें काम पाटीनें केलें.

धंद्यानें आपली स्तुति लिहून ठेवण्याची कल्पना मात्र परकी नव्हे. मंदसोर येथील रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीचा शिलालेख संस्कृतज्ञांस परिचित आहे. लाट देशाहून दशपुरास येऊन राहिलेल्या ह्या कारागिरांनीं बांधलेल्या सूर्यमंदिराचा तो लेख मालव संवत् ५२९ चा, म्हणजे इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतला आहे. त्यांत कवि वत्सभट्टि ह्यानें, तारुण्य, अलंकार, तांबूल हें सर्व असूनहि रेशमी वस्त्रांची जोडी नेसल्यावांचून स्त्री प्रियाकडे जात नाहीं, अशा आशयाचा श्लोक घातला आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या लेखांत आपल्या मालाची ही वाखाणणी बेमालूम बसविणारा कवि जाहिरातीचें मर्म पुरतें जाणत होता. फरक इतकाच कीं, तो लेख देवदर्शनास येणाऱ्यासाठीं एकदांच कोरला गेला; पाटी मात्र रस्त्यांतील प्रत्येकासाठीं, व पुनः पुनः रंगविण्यासाठीं असते.

२

आतां घडणीकडे वळूं. जुनी पाटी बहुधा सागवानी फळीची असे. पुढें लांकडी चौकटीवर ठोकलेला पत्रा रूढ झाला. पत्र्यास प्रथम शेंदूर अळशीच्या तेलांत खलून त्याचें अस्तर देत. शेंदूर हें शिशाचें भस्म असून तें लोखंडास गंज चढूं देत नाहीं. पोथ्यांच्या संग्राहकांस येथें एक ओळखीची पेटी उघडल्यासारखें वाटेल. कारण हिंगूळ, हरताळ, शेंदूर, काजळी, सफेदा हीं पोथी सजविणाराचीं द्रव्यें पाटी रंगविणाऱ्याच्या हातीं आलीं आहेत. फरक पडतो तो त्यांस बांधून ठेवणाऱ्या द्रव्यांत : पोथींत डिंकाचें पाणी, पाटीवर तेल.

अस्तर वाळल्यावर त्यावर जमिनीचा रंग दोन-तीन हात द्यावयाचा, आणि प्रत्येक हात घांसून सपाट करावयाचा. नंतर खडूच्या भुकटींत माखलेली दोरी दोन टोंकांस ताणून धरून तिचा फटका मारीत, म्हणजे सरळ रेघ उमटे. अशा रेघांच्या आधारें अक्षरें खडूनें आंखून घेत. आणि मग कुंचला. हात थरथरूं नये व ओल्या रंगास लागूं नये म्हणून डाव्या हातांत एक काठी धरून तिच्यावर उजवें मनगट टेकीत. अक्षराच्या कडा आधीं, पोट मागून भरणें, नंतर एका बाजूस छाया, शेवटीं कांठाची पट्टी व रोगण, असा क्रम असे. एकच आकृति अनेक पाट्यांवर काढावयाची असल्यास कागदावर ती काढून तिच्या रेषांवर टाचणीनें भोंकें पाडीत, व कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून फिरवीत. हीच युक्ति भिंतीवर चित्रें काढणारे जुने चितारी वापरीत.

भिंतीवरची जाहिरात हा ह्या कलेचा अल्पायुषी प्रकार. चुन्याच्या लेपावर सरस घातलेल्या रंगानें लिहिलेलीं अक्षरें साताऱ्यासारख्या पावसाच्या गांवीं फार काळ टिकत नाहींत. दिवाळीपूर्वीं भिंत पुन्हां धुवून लिहावी लागते. उलट कांचेवरचें काम फार चिवट. तेथें सोन्याचा वर्ख कांचेच्या आंतल्या अंगास चिकटवावयाचा असल्यामुळें अक्षरें उलटीं लिहावीं लागतात, म्हणजे मुद्रा कोरणारास जी कसरत करावी लागे तीच येथें पेंटरास करावी लागे.

तिसरा प्रकार मिन्याच्या, म्हणजे एनॅमलच्या पाटीचा. लोखंडी पत्र्यावर कांचेची पूड रंगासह पसरून भट्टींत भाजावयाची, व बहुधा प्रत्येक रंगासाठीं निराळी भाजणी द्यावयाची, अशी ही रीति. विलायतेंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा धंदा भरभराटीस आला, आणि चहा, साबण, सिगारेट, सायकली विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या अशा पाट्या हिंदुस्थानांत येऊं लागल्या. पुढें चहाचा खप वाढविण्यासाठीं नेमलेल्या मंडळानें चहा कसा करावा ह्याची कृतीच देशी भाषांतून अशा पाट्यांवर छापून त्या रेल्वेच्या स्थानकांवर लावल्या. मिन्याची पाटी ऊन-पावसास दाद देत नाहीं. म्हणून संग्राहकांच्या हातीं आज ती अधिक लागते, आणि हातानें रंगविलेली गांवची पाटी नष्ट होते. जें अधिक टिकलें तेंच अधिक प्रचलित होतें असें अनुमान काढण्याचा मोह ह्यामुळें होतो. तो आवरला पाहिजे.

३

अक्षरांच्या वळणाचा विचार करतां पहिली गोष्ट लक्षांत येते ती ही कीं, पेंटराचें अक्षर बोरूचें नव्हे. बोरूची टांक तिरपी छाटलेली असते; त्यामुळें एका तिरक्या दिशेनें जातांना रेषा जाड व दुसऱ्या तिरक्या दिशेनें जातांना बारीक अशी आपोआप उमटते. पोथीच्या अक्षराचें सारें सौंदर्य ह्या छाटणींत आहे. पेंटर अक्षराची कड आंखून पोट भरतो. तेव्हां जाडी कोठें ठेवावी हें त्याचें त्यास ठरवावें लागतें. कोणी छापील टाइपाकडे पाहून बोरूचें वळण कायम ठेवतो. सन १८६९ मध्यें निघालेल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा टाइप महाराष्ट्रांत घरोघर गेल्यामुळें तो नमुना सुलभ होता. कोणी इंग्रजी ठोकळा-अक्षरांचें अनुकरण करून सर्व रेषा सारख्या जाडीच्या काढतो. एकाच पेठेंतील दोन पाट्यांत हा भेद दिसला म्हणजे एका पेंटराचा गुरु पोथी वा टाइप होता, व दुसऱ्याचा गुरु इंग्रजी पाटी होती, असें समजण्यास हरकत नाहीं.

दुसरी गोष्ट उंचीची. इंग्रजी मोठीं अक्षरें दोन रेघांच्या आंत मावतात. आपलें अक्षर शिरोरेघेस लटकतें. तिच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, आणि खालीं उकार, ऋकार व जोडाक्षरांचे पाय. अर्थात् एका ओळीचे तीन मजले होतात, व मधल्या मजल्यास जेमतेम अर्धी उंची मिळते. इंग्रजी व मराठी ओळींस पाटीवर सारखी जागा दिली तरी मराठी अक्षर लहान दिसतें तें ह्यामुळें. त्यांत दरवेळीं दुकानदाराचा इंग्रजीचा हव्यास शोधण्याचें कारण नाहीं. निष्णात पेंटर ह्यावर दोन उपाय करी. एक, जोडाक्षरें एकाखालीं एक न रचतां शेजारीं शेजारीं मांडणें. दुसरा, मात्रा व वेलांट्या आंखूड करून शिरोरेघेलगत आणणें. सन २०२२ मध्यें महाराष्ट्रांत दुकानांच्या पाट्यांसंबंधींचा कायदा दुरुस्त होऊन देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीच्या अक्षरांपेक्षां लहान नसावें असें ठरलें. अक्षराची उंची शिरोरेघेपासून पायापर्यंत मोजावयाची कीं वेलांटीच्या टोंकापासून, हा प्रश्न कायदा करणारांच्या फार पूर्वीं पेंटरांनीं आपल्या पुरता सोडविला होता.

तिसरी गोष्ट मांडणीची. पाटीच्या माथ्यावर मधोमध ‘॥ श्री ॥’, किंवा कुलदैवताचें नांव. त्याखालीं दुकानाचें नांव मोठ्या अक्षरांत, पुष्कळदां कमानीच्या आकारांत. त्याखालीं मालाची यादी. तळाशीं मालकाचें नांव व गांव. आणि उजव्या कोंपऱ्यांत अगदीं बारीक अक्षरांत पेंटराची सही. हा क्रम पोथीचाच होय. आरंभीं मंगल, मग ग्रंथनाम व विषय, शेवटीं पुष्पिका. ताम्रपटांत जसा लिहिणाराचा व कोरणाराचा निराळा उल्लेख सांपडतो, तसा येथें मालकाचा व पेंटराचा सांपडतो. ताम्रपटांवरील कोरक्यांचीं नांवें जमवून संशोधकांनीं त्यांच्या पिढ्या व गांवें लावलीं आहेत. पेंटरांच्या सह्या जमवून तसें कोणी केल्यास ह्या दोन जिल्ह्यांतील एका सबंध कारागीरवर्गाचा इतिहास हातीं येईल. कारण ह्या लोकांनीं स्वतःविषयीं दुसरें कांहींच लिहून ठेवलेलें नाहीं.

‘पेंटर’ हा शब्द आडनांवासारखा कसा झाला ह्याचें प्रसिद्ध उदाहरण शेजारच्या कोल्हापुरांत आहे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री (१८९०–१९५४) व त्यांचे बंधु आनंदराव हे नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून नांवारूपास आले, आणि लोक त्यांस पेंटर म्हणूं लागले. आनंदराव सन १९१६ मध्यें वारले. पुढें बाबूरावांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, व तिच्या चित्रपटांचीं जाहिरातीचीं चित्रें स्वतः केलीं. ‘कल्याण खजिना’ (१९२४) ह्या चित्रपटाचें भित्तिपत्रक आज त्या काळचा दुर्मिळ नमुना म्हणून दाखविलें जातें. नाटकाचा पडदा, चित्रपटाचें भित्तिपत्रक व दुकानाची पाटी हे एकाच हाताचे व एकाच शाळेचे व्यवसाय होते, हें ह्यावरून ध्यानीं यावें.

४

कोल्हापुराकडून पुन्हां आपल्या लोहमार्गाकडे येऊं. पुणें–मिरज मार्गावर, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर, विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशींत तीन कारखाने उभे राहिले, आणि तिघांच्याहि मालाचा गिऱ्हाईक दूरचा व अनोळखी होता. किर्लोस्करांचे नांगर, ओगल्यांचा कंदील व कूपरांचे नांगर हे ते तीन.

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर (जन्म १८६९) हे मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत चित्रकला शिकण्यास गेले होते. रंग ओळखण्यांत दृष्टीचा कांहीं दोष आढळल्यामुळें त्यांनीं रंगाचें काम सोडून यांत्रिक रेखन हातीं घेतलें. बेळगांवास त्यांचा कारखाना होता. तेथील जागा सोडावी लागल्यावर औंधच्या अधिपतींनीं त्यांस कुंडलजवळचा माळ दिला, आणि सन १९१० मध्यें तेथें किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ज्याला मालकाची पत ठाऊक नाहीं व ज्याचा मालावर विश्वास नाहीं, अशा गिऱ्हाइकास पटवावयाचें म्हणजे जाहिरातीची खरी कसोटी. तें काम पुढें लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांच्याकडे आलें. शंकररावांनीं लाहोरास पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या चित्रशाळेंत चित्रकलेचे धडे घेतले होते. हेच सातवळेकर पुढें औंधास येऊन वेदग्रंथांच्या प्रकाशनाबद्दल सर्वश्रुत झाले. सन १९२० मध्यें कारखान्याच्या गिऱ्हाइकांसाठीं म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ निघालें, व त्याचेंच पुढें ‘किर्लोस्कर’ मासिक झालें. मराठींतील एका मोठ्या मासिकाचा उगम अशा रीतीनें नांगराच्या जाहिरातींत आहे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार होते, हाहि योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

परंतु किर्लोस्करांची सर्वांत मोठी पाटी त्यांच्या पेंटरानें लिहिलीच नाहीं. ती रेल्वेनें लिहिली. कुंडल रोड ह्या स्थानकाचें नांव पुढें किर्लोस्करवाडी झालें, आणि त्या मार्गानें जाणाऱ्या प्रत्येक उतारूस तें नांव फलाटावर वाचावें लागलें. कऱ्हाडजवळ सन १९१६ मध्यें निघालेल्या ओगले कांच कारखान्यामुळें ओगलेवाडी हें गांवाचें नांव रूढ झालें, व त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोंचला. धनजीशा कूपर यांचा कारखाना सन १९२२ मध्यें सातारा रोडलाच निघाला. कारखान्याचें नांव गांवास मिळणें हा पाटीचा परमोत्कर्ष होय. पूर्वीं गांवावरून माणसाचें आडनांव पडे; येथें माणसाच्या आडनांवावरून गांव पडलें.

५

आतां संशोधकाच्या दृष्टीनें मुख्य प्रश्न : पाटीचा काळ कसा ठरवावा? पाटीवर तारीख क्वचितच असते. ‘स्थापना’ म्हणून जें वर्ष लिहिलेलें असतें तें दुकानाचें, पाटीचें नव्हे. सांगलीचें गाडगीळ सराफांचें दुकान सन १८३२ पासूनचें म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणून तें वर्ष मिरविणारी प्रत्येक पाटी त्या वर्षाची ठरत नाहीं. मूळ सनद आणि तिची मागाहून केलेली नक्कल ह्यांत आपण जो विवेक करतों तोच येथें करावा. पुढील खुणा आम्हांस उपयोगी वाटल्या.

पहिली खूण पत्त्याची, आणि सांगली भागांत ती फार निर्णायक आहे. दक्षिणेंतील संस्थानें ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालीं. १ ऑगस्ट १९४९ रोजीं दक्षिण सातारा हा नवा जिल्हा होऊन सांगली त्याचें ठाणें झालें. आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजीं त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. तेव्हां ‘औंध संस्थान’ किंवा ‘सांगली संस्थान’ लिहिलेली पाटी १९४८ पूर्वींची, ‘जि. दक्षिण सातारा’ लिहिलेली १९४९ ते १९६० मधली, व ‘जि. सांगली’ लिहिलेली त्यानंतरची. एकट्या किर्लोस्करवाडीचा पत्ता तेरा वर्षांच्या आंत अनेकवार बदलला. पत्त्यांत सहा आंकडी पिन क्रमांक असल्यास पाटी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची समजावी.

दुसरी खूण किंमतींची व मापांची. आणे-पैंची किंमत १ एप्रिल १९५७ पूर्वींच्या व्यवहाराची. ‘नये पैसे’ हा शब्द १९५७ ते १९६४ ह्या सात वर्षांपुरताच. शेर, मण व पायली ह्यांच्या जागीं किलो व लिटर हीं मापें १९५८ पासून पुढील कांहीं वर्षांत आलीं.

तिसरी खूण शुद्धलेखनाची. ‘येथें’, ‘नांव’, ‘मिळतील सर्व प्रकारचीं भांडीं’ असे अनुच्चारित अनुस्वार सन १९६२ च्या नियमांनीं गाळले गेले. ह्या लेखांत आम्हीं ते जुन्या संवयीनें ठेवले आहेत हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. आणि तीच ह्या खुणेची मर्यादा. लिहिणारा जुना असला किंवा त्यानें जुनी पाटी अक्षरशः उतरून घेतली असली, तर जुनें लेखन नव्या पत्र्यावर खुशाल नांदतें. म्हणून अनुस्वार नसणें ही उशिराची खूण मानावी. असणें हा केवळ पूर्वकाळाचा संभव.

चौथी खूण ‘अि’, ‘अु’, ‘अे’ ह्या रूपांची. विनायक दामोदर सावरकर यांनीं रत्नागिरीच्या स्थानबद्धतेंत (१९२४–१९३७) लिपिशुद्धीचा पुरस्कार केला, व किर्लोस्करांच्या मासिकांनीं हीं रूपें बरींच वर्षें चालविलीं. ‘अिंजिनिअर’ असें लिहिलेली पाटी दिसल्यास ती ह्या चळवळीच्या काळांतील वा तिच्या मागूनची असण्याचा संभव मोठा.

पांचवी खूण रंगाच्या थरांची. पाटी टाकून देत नसत; तिच्यावरच नवी रंगवीत. उन्हानें वरचा रंग उडाला म्हणजे खालचें अक्षर डोकावतें, आणि एका पत्र्यावर दोन मालक किंवा दोन धंदे वाचतां येतात. तिरप्या उजेडांत, सकाळीं किंवा सायंकाळीं, पाटी पाहिल्यास खालच्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात. शिलालेख वाचणारांस ही युक्ति नवी नाहीं.

ह्यांपैकीं एकाच खुणेवर भिस्त ठेवूं नये. प्रत्येक खूण पूर्वमर्यादा किंवा उत्तरमर्यादा देते. दोन-तीन खुणा जुळल्या म्हणजे पाटी पांच-दहा वर्षांच्या कक्षेंत बसते. पुष्कळ अदिनांकित पत्रांस आपण इतक्याहि अरुंद कक्षेंत बसवूं शकत नाहीं.

६

शेवटीं ह्या लेखाचें प्रयोजन. सन २००० च्या सुमारापासून यंत्रानें छापलेल्या फ्लेक्सच्या पाट्या आल्या आणि थोड्याच वर्षांत त्यांनीं पेंटराचा धंदा जवळजवळ संपविला. जुना पत्रा भंगारांत जातो, जुनी फळी चुलींत. सांगलीस कृष्णेच्या २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांचें पाणी व्यापारी भागांत शिरलें, आणि अशा पाण्यांत लांकूड, कागद व रंग ह्यांची काय दशा होते हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. साताऱ्यांत मोती चौकापासून राजवाड्यापर्यंत किंवा सांगलींत गणपती पेठेपासून मारुती चौकापर्यंत चालत गेल्यास हातानें लिहिलेल्या पाट्या आज शोधाव्या लागतात.

सातारा जिल्ह्यास तरी ह्या प्रकारच्या हानीची आठवण असावी. राजवाड्यांनीं सन १८९८ मध्यें आपल्या साधनांचा जो पहिला खंड काढला तो वाई येथें सांपडलेल्या कागदांचा होता. तोंपर्यंत मराठ्यांच्या राजकारणाचे किती कागद वाण्याच्या पुड्यांस गेले ह्याची गणति नाहीं. त्या कागदांस मोल नाहीं असें बाळगणारांसहि वाटत होतें. कारण ते घरांत रोज दिसत होते. पाट्यांची आज तीच अवस्था आहे.

पाट्या गोळा करून संग्रहालयें भरावीत असें आमचें म्हणणें नाहीं. पाटी दुकानावरच शोभते, आणि तिचा अर्थ तिच्या जागेशीं बांधलेला असतो; जागेवरून काढलेली पाटी उपटलेल्या वीरगळासारखी मुकी होते. परंतु टिपण करणें प्रत्येकाच्या हातीं आहे. समोरून एक व तिरप्या उजेडांत एक अशीं दोन छायाचित्रें, लांबी-रुंदी, फळी, पत्रा, कांच कीं भिंत, मजकूर जसाच्या तसा, अशुद्धांसह, पेंटराची सही, दुकानाची जागा, आणि मालकानें सांगितलेली हकीकत, ती सांगोवांगी आहे अशा उल्लेखासह. इतक्या सात बाबी एका कागदावर मावतात. तसेंच जे वृद्ध पेंटर आज हयात आहेत त्यांस रंगांचीं नांवें, गुरूचें नांव व आपण रंगविलेल्या पाट्या विचारून घ्याव्या. हें काम पुढें ढकलण्यासारखें नाहीं. पत्रा एखादे वेळीं अडगळींत वांचतो, हाताची विद्या मात्र माणसाबरोबरच जाते.

एकेका पेठेचें काम एकेका सभासदानें अंगावर घेतल्यास दोन्ही शहरांचें टिपण एका वर्षांत पुरें होण्यासारखें आहे. आपल्या पूर्वजांनीं वहींत जें लिहिलें तें आपण भक्तिभावानें जपतों. त्यांनीं रस्त्यावरील परक्या माणसास हांक मारण्यासाठीं जें लिहिलें, त्याचीहि नोंद राहावी, एवढीच विनंति.